जाळी कापण्याआधी

मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवर चिंचेखाली उभी असलेली ही जीप मी प्रथम पाहिली, तेव्हा तिचे बॉनेट नंतरच्या मॉडेलचे होते, पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलेले होते आणि पाण्याचा टँकर ओढण्यासाठी मागे हूक वेल्ड केलेला होता. मालक तिला ‘विलीज’ म्हणत होते. आपल्याकडे जुनी जीप म्हणजे विलीजच. मी खाली झोपून रेडिएटरखालचा चासीचा पुढचा आडवा भाग पाहिला. अमेरिकेतल्या विलीज कारखान्याच्या दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये तिथे गोल नळी असते, तर फोर्डने बांधलेल्या जीपमध्ये उलट्या ‘यू’ आकाराचा पत्रा असतो. इथे उलटा ‘यू’ होता, आणि गंज खरवडल्यावर काही बोल्टांच्या माथ्यावर फोर्डचे ‘एफ’ अक्षरही निघाले. 1941 ते 1945 या काळात दोन्ही कारखान्यांनी मिळून 6 लाखांहून अधिक जीप बनवल्या, त्यांतली एक टँकर ओढत मोहोळपर्यंत पोचली होती.

तिला मूळ रूपात आणण्यासाठी बॉनेट आणि 2.2 लिटरचे, 60 अश्वशक्तीचे मूळ जातीचे पेट्रोल इंजिन मिळवण्यात दोन वर्षे गेली. त्याची कहाणी कंटाळवाणी आहे, म्हणून ती सोडून देतो.

मला ती उत्तर आफ्रिकेतल्या वाळवंटी गस्तीच्या रूपात उभी करायची होती. शत्रूच्या पिछाडीला छापे घालणाऱ्या ब्रिटिश एसएएस तुकडीच्या हाती 1942 च्या उन्हाळ्यात जीप आल्या आणि त्याच जुलैमध्ये 18 जीपच्या ताफ्याने इजिप्तमधल्या सिदी हनेश विमानतळावर रात्री हल्ला चढवून उभी असलेली विमाने जाळली. या जीपची छायाचित्रे पाहणाऱ्याची नजर आधी जोडबंदुकांवर जाते. परंतु मला त्या गाडीतून काढून टाकलेल्या गोष्टी अधिक बोलक्या वाटतात. काच काढलेली, कारण ती चमकते आणि शत्रूच्या विमानाला दुरून दिसते. आणि पुढच्या जाळीच्या उभ्या पट्ट्यांपैकी मोजक्याच ठेवून बाकीच्या कापलेल्या, कारण रेडिएटरला वारा हवा.

याच जाळीपाशी आमचे काम अडले. आमचे मिस्त्री अक्कलकोट रोड एमआयडीसीतले. यंत्रमागांचे सुटे भाग लेथवर करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. मी खडूने खुणा केल्यावर त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला आणि म्हणाले, “साहेब, ऐंशी वर्षं टिकलेला पत्रा हाय. तुम्ही म्हणता तर कापतो, पण नंतर जोडून मागू नका.” त्यांचे म्हणणे कायद्याच्या बाजूनेही बरोबर होते. 50 वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी 2021 मध्ये आलेले नियम चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ मानत नाहीत. म्हणून आम्ही त्याच मापाची दुसरी जाळी नव्या पत्र्यातून करून घेतली आणि ती निर्धास्तपणे कापली. मूळ जाळी आता माझ्या जिन्यात टांगलेली आहे. तेव्हापासून एक नियम पाळला: जे लावायचे ते आधीच्या भोकांतून, बोल्टने, आणि तासाभरात काढता येईल असे.

गाडीवरच्या जोडबंदुका, म्हणजे व्हिकर्स के मशिनगन, नकली आहेत: नळ्या ॲल्युमिनियमच्या पाइपच्या आहेत आणि वरच्या चपट्या गोल मॅगझिनसाठी दोन-दोन पराती तोंडाला तोंड लावून रिव्हेट केल्या आहेत. गाडी रस्त्यावर नेताना बंदुका काढून घरी ठेवतो. रंगाची अडचण मात्र आली नाही. ऑलिव्ह ग्रीन रंग नियमाने संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे, पण वाळूच्या रंगावर कोणाचा हक्क नाही. जेरीकॅन 12 बांधले, तेही रिकामे. 20 लिटरचा एक कॅन पेट्रोलने भरला की सुमारे 19 किलो होतो, म्हणजे 12 कॅनचेच सव्वादोन क्विंटलच्या वर ओझे. माझ्या गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ते झेपले नसते.

सोलापूरकराला मनापासून पटेल अशी वस्तू म्हणजे कंडेन्सर. रेडिएटरमधले पाणी उकळून वाफ बाहेर गेली की वाळवंटात ते पाणी पुन्हा मिळत नाही. म्हणून ओव्हरफ्लोची नळी पुढे टांगलेल्या, थोडे पाणी भरलेल्या डब्यात बुडवायची. वाफ तिथे निवते, आणि इंजिन गार होऊन रेडिएटरमध्ये ओढ निर्माण झाली की तेच पाणी परत आत जाते. एप्रिलमध्ये तुळजापूरच्या घाटात आमचे पाणी डब्यात गेले, पण परत आले नाही. नळीच्या एका सांध्यातून हवा शिरत होती, त्यामुळे रेडिएटर पाण्याऐवजी वाराच ओढत होता. मिस्त्रींनी क्लिप बदलली आणि झाकणाचे वॉशर नवे घातले.

दुसरी चाचणी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात घेतली. डॅशबोर्डवर सूर्यहोकायंत्र बसवले होते: अंश कोरलेली तबकडी आणि मधोमध उभी केलेली सायकलची तार. लोखंडी गाडीत चुंबकी होकायंत्र फसते, म्हणून वाळवंटात दूरवर टेहळणी करणाऱ्या ब्रिटिश दलाचे, लाँग रेंज डेझर्ट ग्रुपचे, संस्थापक राल्फ बॅग्नोल्ड यांनी सावलीवर दिशा धरणारे हे साधन वापरात आणले. 1942 मध्ये त्या दलासोबत गस्त घालणाऱ्या इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनमध्ये आपल्या घोडदळाचे जवान होते. भर उन्हाळ्यात दुपारी सावली फार आखूड झाली की या गस्ती थांबून राहत. आपल्याकडे तर त्या आठवड्यात सूर्य नेमका डोक्यावर येतो. घाट चढून लिंबाजवळ थांबलो, तेव्हा साडेबारा होत आले होते आणि तबकडीवर तारेची सावलीच उरली नव्हती. आम्ही ताक पीत बसलो. अर्ध्या तासाने पुढच्या डब्यातून गुळगुळ आवाज आला, मिस्त्रींनी वाकून पाहिले आणि नुसते बोट दाखवले: डब्यातले पाणी चार बोटे खाली गेले होते.