चेरी श्रिंपचा लाल रंग: ८ महिन्यांची नोंद आणि माझा एक घोळ

जूनमध्ये घरातल्या फिश टँकसाठी २५ चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली शोभेची छोटी लाल कोळंबी) आणले, दुकानात एकदम लालभडक, आणि घरी येऊन दोन दिवसांनी बघतो तर अर्धे फिकट गुलाबी आणि बाकीचे पाण्याच्या रंगाचे. आधी वाटलं फसवलं आपल्याला. दुकानातली ती गुलाबी एलईडी लाईट थोडी कारणीभूत होतीच, पण प्रवासाच्या ताणानेही श्रिंप फिके पडतात आणि आठ-दहा दिवसांत बरेच सावरतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

टँक ४० लिटरचा, स्पंज फिल्टर, भरपूर जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळासारखं झुडूप). आमच्या सोसायटीचं बोअरचं पाणी ४८० टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप), म्हणून १ भाग बोअर आणि २ भाग आरओ असं मिक्स करून १८०-१९० वर ठेवतो. पीएच ७ च्या आसपास. हे एकदा बसलं की बसलं, त्यात रोज बोटं घालायची नाहीत.

मग सुरू झालं खाण्याचं वेड. श्रिंप लाल रंगाचं कच्चं सामान स्वतः बनवू शकत नाहीत, कॅरोटिनॉइड्स (वनस्पतींतली पिवळी-लाल रंगद्रव्यं) त्यांना शेवाळातून नाहीतर खाण्यातूनच मिळतात आणि त्यातूनच अ‍ॅस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य तयार होतं. कालवणात कोळंबी शिजली की लाल होते ना, ते हेच, आधी प्रोटीनला चिकटून लपलेलं असतं आणि उष्णतेने मोकळं होतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, मग एवढे लाड कशाला, टाक कढईत. तर असो. स्पिरुलिना (शेवाळाची पावडर), उकडलेला पालक, लाल भोपळ्याची फोड, वर एक महागडं कलर फूड, सगळं दीड महिना चाललं. फरक? होता, पण फोटो शेजारी ठेवून शोधावा लागेल इतकाच. उलट जास्त खाण्याने पाणी बिघडून तीन गेले. आता आठवड्यातून तीनदा, दोन तासांत संपेल एवढंच घालतो.

खरा फरक पडला ऑगस्टमध्ये, आणि तोही फुकटात म्हणावा असा. माझ्याकडे तळाला पांढरी वाळू होती. शेजारी बांधकाम चालू होतं तिथून बारीक काळी खडी मागून आणली, आपलाच बेसाल्ट, चुना नाही ना हे कळायला व्हिनेगर टाकून फेस येत नाही ना बघितलं, बादलीत वीस-बावीस वेळा धुतली (पाणी काळं येणं थांबतच नाही, कंटाळू नका) आणि वाळू काढून ती पसरली. चार-पाच दिवसांत माद्या गडद व्हायला लागल्या! यांच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात, उजळ तळावर त्यातला रंग आकसतो आणि काळ्या तळावर पसरतो, लपण्यासाठीचीच सोय ती. म्हणजे मी दीड महिना स्पिरुलिना चारत होतो आणि खालून पांढरी वाळू सगळं पुसून टाकत होती.

आता घोळ. जुलैअखेर पिल्लं झाली होती, सप्टेंबरमध्ये ती दोन महिन्यांची झाली आणि मी ठरवलं की आता कलिंग, म्हणजे निवड करायची, फिके सगळे बाहेर, लाल फक्त आत, म्हणजे पुढची पिढी आपोआप लाल. विचार बरोबर होता, रंगाच्या ग्रेड (प्रती) अशाच सुधारतात. जाळी घेऊन बसलो आणि फिका दिसेल तो, पिल्लू असो की मोठा, बाल्कनीतल्या टबात टाकला. टँक काय दिसत होता! पाहुण्यांना दाखवायचो.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, पोटाखाली अंडी घेतलेली एकही मादी, म्हणजे अंडीवाली, नाही. माद्यांच्या पाठीवर पिवळं सॅडल (अंडाशयातली न फळलेली अंडी) दिसायचं, कात टाकायच्या, आणि पुढे काहीच नाही. मला वाटलं थंडी, पाणी २० अंशांवर आलं होतं, म्हणून हीटर लावून २४ केलं. मग वाटलं जीएच (पाण्याचा कडकपणा) कमी असेल. डिसेंबरमध्ये एका रात्री टॉर्च घेऊन एकेकाचं पोट बघत बसलो तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांची पोटं गोल. सगळ्या बायकाच! चेरीमध्ये नर लहान आणि फिकेच असतात, पोटाची रेघ सरळ, आणि मी रंगाच्या नादात सगळे नर वेचून बाल्कनीत पाठवले होते.

टब उघडला तर दुसरा धक्का. शेवाळाने हिरवागार झालेला काळा टब, खायला वरून काहीही नाही, आणि आत मी नापास केलेल्यांपैकी सहा माद्या टँकमधल्यांपेक्षा लाल. दोन महिन्यांच्या पिल्लाचा रंग पक्का नसतो, मादीचा तर वयात आल्यावर भरतो, मी फार लवकर निकाल लावला होता.

त्या सहा आणि ९ नर टँकमध्ये परत आणले, नर निवडताना त्यातल्या त्यात अंगावर जास्त लाल असलेले घेतले, कारण अर्धा वारसा त्यांचाही आहेच. निळे-पिवळे मिसळायचा मोह अजून टाळतोय, काही पिढ्यांत परत जंगली तपकिरी होतात. १८ जानेवारीला पहिली अंडीवाली दिसली, आज चार आहेत. हीटर काढून ठेवलाय, एप्रिलच्या उन्हात पाणी गार ठेवायला क्लिपवाला पंखा घ्यायचाय, आणि जाळी बायकोकडे दिली आहे, चार महिने मागितली तरी द्यायची नाही असं सांगून.