निसान वन-टनमध्ये हीटर बसवून काझापर्यंत

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शिमला, रामपूर, नाको, ताबो करत हिमाचलच्या स्पीतीतल्या काझाला जाऊन आलो. गाडी लष्कराच्या लिलावातून आलेली निसान वन-टन. जबलपूरची बांधणी, सहा सिलिंडरचं ३९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि केबिनवर ताडपत्रीचं छत. सोबत ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त झालेले साताऱ्याचे हवालदारकाका. त्यांची अर्धी नोकरी याच गाड्यांखाली गेलेली.

निघण्याआधी महिनाभर हीटरच्या मागे होतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात दोन रविवार घालवून एका जीपचा हीटर मिळाला, कॉइल आणि ब्लोअर एकत्र असलेला. कॉइलमध्ये पाणी भरून, हवेचा दाब देऊन गळती तपासली आणि मगच पैसे दिले. जोडणी साधी आहे: थर्मोस्टॅटच्या (पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) आधी, इंजिनच्या हेडमधून गरम पाणी घ्यायचं, कॉइलमधून फिरवायचं आणि वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, ओढणाऱ्या बाजूला परत सोडायचं. दोन्ही होजपाइपांना इंजिनपाशी एकेक कॉक लावा. वाटेत कॉइल फुटली तर कॉक बंद करून पुढे जाता येतं. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, पाइप नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडं) हवाच. पत्र्याची कड हजार किलोमीटरांत होज कापते.

पुण्यात सगळं छान वाटलं. पण नारकंड्याला पहाटे ब्लोअर सुरू केला आणि तोंडावर गार वारा आला. मला वाटलं कॉइल तुंबली. काकांनी वरच्या रेडिएटर होजला हात लावला आणि म्हणाले, "पोरी, इंजिनच गार हाय, तर हीटर काय करनार?"

बॉनेट उघडून थर्मोस्टॅटचं घर खोललं, तर आत थर्मोस्टॅट नव्हताच. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापायला लागली की मेकॅनिक तो सरळ काढून टाकतात. मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि थंडीत चाळीस-पन्नास अंशांच्या वर जातच नाही. काकांच्या पत्र्याच्या डब्यात ८२ अंशांचा थर्मोस्टॅट होता. जाड कागदाचं गॅस्केट कापून तो बसवला, रेडिएटरसमोर अर्ध्या भागात पुठ्ठा लावला. गाडी चढावर तोंड वर करून उभी केली, रेडिएटरची कॅप काढली, हीटरचा कॉक उघडला आणि इंजिन वीस मिनिटं चालू ठेवून पाइपांतली हवा काढली. त्यानंतर जी ऊब आली ती काझापर्यंत टिकली. म्हणून सांगते, हीटर विकत घेण्याआधी थर्मोस्टॅट बघा.

पुठ्ठा लावलात तर तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. काझाच्या उंचीवर, म्हणजे साडेतीन हजार मीटरच्या वर, उघडं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरच्या कॅपचं रबर सुकून ती दाब धरत नसेल तर ८२ च्या थर्मोस्टॅटला फार जागा उरत नाही. ७ पीएसआयची कॅप नीट दाब धरत असेल, तर तेच पाणी शंभराच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही. आम्ही कॅप नवीन घेतली होती.

कुलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरा, ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. रात्री पाणी सोडून द्यायची जुनी पद्धत आहे, पण हीटर बसवल्यावर ती पुरत नाही. रेडिएटर आणि ब्लॉक रिकामे झाले तरी कॉइलमध्ये पाणी अडकून राहतं आणि पहाटे कॉइल फाटते. ताबोला सकाळी उणे ११ होतं.

ऊब आत राहण्यासाठी आम्ही पेडलांभोवतीची भोकं जुन्या ट्यूबच्या तुकड्यांनी बंद केली, ताडपत्रीला आतून घोंगडी शिवली आणि गिअरच्या दांडीला कॅनव्हासचा पायमोजा घातला. हीटरइतकाच फरक याने पडला. ब्लोअरची एक नळी काचेकडे वळवायला विसरू नका. नाकोच्या चढावर आमचाच श्वास काचेवर आतून गोठत होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उंचीवर हवा विरळ होते, कार्ब्युरेटर मात्र पेट्रोल तेवढंच देत राहतो. मिश्रण श्रीमंत होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, आणि धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. अशा वेळी केबिन बंद करून बसायचं, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि सायलेन्सरचा प्रत्येक सांधा आधी तपासलाच पाहिजे. आम्ही या वायूचा, बॅटरीवर चालणारा डिटेक्टर डॅशबोर्डला बांधला होता. खाबच्या पुढे तो एकदा वाजला. थांबून पाहिलं तर मॅनिफोल्डचा एक नट सैल होता. उंचीवर डोकं दुखलं की सगळे विरळ हवेलाच दोष देतात, त्यामुळे यंत्राशिवाय ते आम्हाला कळलं नसतं. बाजूची काच बोटभर उघडी ठेवा आणि इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका.

आमच्या गाडीचं वायरिंग १२ व्होल्टचं केलेलं आहे. तुमचं २४ असेल तर ब्लोअर २४ चाच घ्या. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ काढलेत तर ती बॅटरी लवकर मरते. ब्लोअरला १५ अँपिअरचा वेगळा फ्यूज आणि रिले द्या.

पेट्रोल किन्नौरमधल्या पोवारीला भरलं, त्यानंतर थेट काझाला. लिटरला चार किलोमीटर, तेही उताराला धरून. वीस लिटरचे दोन कॅन मागे बांधले होते, येताना एक उघडावा लागला.

चंद्रतालच्या बाजूने कुंझुम उतरून मनालीला जायचा विचार हिवाळ्यात करू नका, खिंड बंद असते. परतीलाही किन्नौरचाच रस्ता.

घरी आल्यावर होजच्या क्लिपा पुन्हा आवळल्या. चार ढिल्या निघाल्या.