आठ कोअर मागायचे, दोन पुरायचे : आमची वाटचाल

२०११ ला लॅमिंग्टन रोडवरून एक सेकंडहँड रॅक सर्व्हर टेम्पोत टाकून घाटकोपरच्या गाळ्यावर आणला तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा मेव्हणा. गिऱ्हाईक बहुतेक सीए ऑफिसं, त्यांना डेटा स्वतःच्या ऑफिसातच हवा असायचा, म्हणून प्रायव्हेट क्लाऊड, म्हणजे आपल्याच सर्व्हरवर अनेक व्हीएम (आभासी कॉम्प्युटर). समजावताना मी चाळ सांगायचो, इमारत एक, खोल्या वेगळ्या, पाण्याची टाकी कॉमन. अजून तेच सांगतो.

सुरुवातीला चूक ही केली की जो जे मागेल ते देत गेलो. टॅलीच्या व्हीएमला आठ कोअर (प्रोसेसरचे भाग)? घ्या. सोळा कोअरच्या बॉक्सवर सत्तर वाटून बसलो, आणि सकाळी अकराला सगळ्यांनी एकदम नळ सोडला की बोंब. लिनक्स व्हीएममध्ये टॉप कमांड मारली की एसटी नावाचा कॉलम दिसतो (लाल डबा नाही हो), म्हणजे व्हीएम सीपीयूसाठी किती वेळ ताटकळली ते. तो आकडा बघून कोअर काढत गेलो, बऱ्याच जणांना दोन पुरतात. रॅमचं अजून गमतीशीर, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरला मर्यादा घातली नाही तर तो जेवढी दिसेल तेवढी कॅशेसाठी (डेटा हाताशी ठेवायला) गिळतो, मग गिऱ्हाईक म्हणतं रॅम फुल, ६४ जीबी करा. एकाला मॅक्स मेमरी १२ जीबीला बांधून दिली, काही फरक पडला नाही त्याला.

पण खरी अक्कल आली ती एका २८ जुलैला, रिटर्न भरायचे शेवटचे दिवस. संध्याकाळी सातला एका सीए साहेबांचा फोन, "अहो, टॅली सेव्हच होत नाहीये, सगळं अडकलंय!" बघतो तर प्रॉक्समॉक्सवरचा (व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) थिन पूल, म्हणजे सगळ्या व्हीएमची कॉमन डिस्क-जागा, १०० टक्के भरलेला. थिन म्हणजे कागदावर प्रत्येकाला ५०० जीबी, खरी जागा वापरेल तशी. झालं काय, आतून फाइली डिलीट करत होते पण डिस्कला डिस्कार्डची टिक नव्हती, म्हणून मोकळी जागा खाली पूलला परत जातच नव्हती, आणि वर "अपडेटच्या आधी" नावाचा आठ महिन्यांचा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवलेली) जुने ब्लॉक धरून बसलेला. घेतलेला कोणी? मीच! मेव्हणा काही बोलला नाही, नुसता बघत होता. स्नॅपशॉट उडवला, व्हीएम रीस्टार्ट, डिस्क चेक, रात्री दीडला ऑफिस चालू. शेवटची लोकल गेली, तिथेच सोफ्यावर झोपलो.

तेव्हापासून पूल ८० टक्क्यांवर गेला की फोनवर मेसेज येतो, स्नॅपशॉट तीन दिवसांच्या वर ठेवत नाही, बॅकअप वेगळ्या मशीनवर.

आता चार जण आहोत. त्याच सीए साहेबांच्या टॅलीला जुलैत बाकीच्या व्हीएमचे कोअर काढून देतो आणि १ ऑगस्टला दुपारी रीस्टार्ट मारून परत घेतो. साहेबांना अजून कळलेलं नाही, त्या दिवशी ते घरी झोपलेले असतात.