अहिराणी शब्दसंग्रहाची साइट नव्या होस्टिंगवर: नेमसर्व्हर बदलाची नोंद

सद्यस्थिती: डॉट कॉम नाव तेच, होस्टिंग आणि नेमसर्व्हर (नावावरून साइटचा पत्ता सांगणारे सर्व्हर) दोन्ही बदलले. साइट क्षणभरही पडली नाही. मेल मात्र चार तास अडखळला, त्याचं कारण खाली.

सोमवार. आधी जुन्या झोनची, म्हणजे नावाच्या सगळ्या डीएनएस नोंदींच्या (रेकॉर्डच्या) यादीची, पूर्ण नक्कल उतरवली. नेमसर्व्हर बदलले म्हणून झोन पाठोपाठ येत नाही. नवं सीपॅनल (होस्टिंग सांभाळायचं पॅनल) स्वतःचा झोन बनवतं आणि एमएक्सही (मेल कुठे जावा ही नोंद) स्वतःकडेच वळवतं. मेल दुसरीकडे असेल तर एमएक्स, एसपीएफ (आपल्या नावाने मेल कोण पाठवू शकतो ती यादी), डीकेआयएम (मेलवरची सही तपासायची की) हातानेच भरायचे. डीकेआयएमची 2048 बिटांची की एका तुकड्यात मावत नाही, कारण टीएक्सटी या मजकुराच्या रेकॉर्डमध्ये एका तुकड्याला 255 अक्षरांची मर्यादा आहे. एकाच रेकॉर्डमध्ये अवतरणचिन्हांत दोन तुकडे करायचे, दोन रेकॉर्ड नव्हे. एसपीएफ मात्र एकच हवा. दोन झाले की दोन्ही बाद.

जुन्या झोनचा टीटीएल (उत्तराची प्रत किती सेकंद जपायची तो आकडा) 14400 होता, तो 300 केला. लगेच उपयोग नाही: ज्या रिझॉल्व्हरने (वापरणाऱ्याच्या वतीने पत्ता विचारणारा सर्व्हर) आत्ताच जुनी प्रत घेतली, तो चार तास फिरून विचारायलाच येणार नाही. तेवढ्यात भरिताची वांगी भाजून, कळण्याच्या भाकरीही होतात.

मंगळवार. डीएनएसएसईसी (डीएनएस उत्तरांवरच्या सह्या) चालू होतं, म्हणून रजिस्ट्रारकडचा (नाव नोंदवणारी कंपनी) डीएस रेकॉर्ड, म्हणजे जुन्या सह्यांची खूण, काढला आणि एक दिवस थांबलो. ही पायरी गाळली तर सह्या तपासणारे रिझॉल्व्हर (गूगलचा 8.8.8.8, क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1) पत्त्याऐवजी 'सर्व्हफेल' ही चूक देतात, न तपासणारे साइट बिनदिक्कत उघडतात, आणि मग कुणाचं खरं मानायचं तेच कळत नाही.

बुधवार. नेमसर्व्हर बदलले. "प्रोपगेशनला 48 तास लागतात" हे वाक्य होस्टिंगवाल्यांच्या तोंडी बसलंय, पण बदल कुठे पसरत वगैरे नसतो. जुन्या प्रती आपापल्या वेळेला संपतात, इतकंच. 48 चा आकडा येतो तो डॉट कॉमच्या सर्व्हरवरून: तिथे एनएस रेकॉर्डचा (नावाचे नेमसर्व्हर कोणते ती नोंद) टीटीएल 172800 सेकंद आहे आणि तो आपल्या हातात नाही. म्हणून एकाच वेळी जळगावात नवी साइट आणि धुळ्यात जुनी दिसू शकते. उपाय सोपा: जुना झोन बंद करायचा नाही, त्यातच नवा आयपी भरून ठेवायचा. कुणीही कुठल्याही नेमसर्व्हरला विचारो, उत्तर एकच.

तपासणी ब्राउझरमध्ये नको, तो स्वतःची प्रत धरून बसतो. डिग या डीएनएस तपासायच्या कमांडने दोन्ही नेमसर्व्हरना नाव घेऊन थेट विचारायचं. ट्रेस पर्याय लावला की रूटपासून (डीएनएसचा सगळ्यात वरचा थर) डॉट कॉम, तिथून आपला नेमसर्व्हर, अशी पूर्ण वाट दिसते.

मेलचा घोटाळा एका टिंबाचा. झोन फाइल हाताने लिहिताना एमएक्सच्या नावापुढचं शेवटचं टिंब राहिलं. टिंब नसलं की नाव अपुरं समजून त्याला आपलंच डोमेन चिकटतं, आणि मेल अस्तित्वातच नसलेल्या सर्व्हरकडे निघतो. काही पाठवणाऱ्यांनी मेल रांगेत ठेवला, काहींनी सरळ परत केला. दुरुस्ती मिनिटात झाली, पण टीटीएल फक्त जुन्या झोनमध्ये कमी केला होता. नव्यात 14400 तसाच. चुकीची प्रत चार तास फिरली. दोन्हीकडे 300 करा.

उच्चारांच्या ध्वनिफितींसाठी नवा सबडोमेन जोडताना आणखी एक: रेकॉर्ड भरण्याआधी नाव उघडून पाहू नका. "असं नाव नाही" हे उत्तरही साठवलं जातं, आणि ते किती वेळ धरायचं हे एसओएतला (झोनची मुख्य नोंद) शेवटचा आकडा ठरवतो.

बाकी काम. टीटीएल परत 14400, नव्या सह्यांचा डीएस, आठवड्याने जुनं होस्टिंग बंद. पुढे डॉट भारत नाव. झोनमध्ये देवनागरी चालत नाही, 'एक्सएन' आणि दोन डॅशने सुरू होणारं त्याचं रूप भरावं लागतं. शिवाय प्रमाण मराठीतला 'डोळा' अहिराणीत 'डोया' होतो. ऐकणाऱ्याला दोन्ही कळतात, डीएनएसला ती दोन वेगळी नावं. म्हणजे नावात ळ आला तर नोंदण्या दोन.