गुण पोचले होते, पण माझे म्हणून नाही

‘पाठवले’ आणि ‘मिळाले’ या दोन शब्दांमध्ये माझे चौदा दिवस गेले.

१ नोव्हेंबरच्या मुदतीआधी अमेरिकेतल्या पाच कॉलेजांना अर्ज केले, तेव्हा हातात ऑगस्टच्या एसएटीचे, म्हणजे तिथल्या प्रवेशासाठीच्या परीक्षेचे, १२९० गुण होते. नोव्हेंबरला पुन्हा बसले. गुहागरहून रात्रीच्या एसटीने कुंभार्ली घाटातून पुणे, मांडीवर लॅपटॉप. गणित ६९०चं ७५० झालं, इंग्रजी मात्र ६००वरून ५८०वर आलं. पाचही कॉलेजं दोन्ही वेळचे चांगले गुण एकत्र धरणारी, म्हणून दोन्ही तारखांचा रिपोर्ट पाठवला. त्यासाठी दुप्पट पैसे पडत नाहीत, एकाच रिपोर्टमध्ये दोन्ही जातात.

चार कॉलेजांच्या पोर्टलवर आठवड्याभरात हिरवी खूण आली. पाचव्याच्या यादीत ‘एसएटी : मिळाले नाहीत’. एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या खात्यात मात्र ‘पाठवले’. सकाळी उठले की आधी तेच उघडायचं. आजीने चौथ्या दिवशी विचारलंच, “नापास केलं की काय गो तुला?”

ईमेल केला, तर ठोकळेबाज उत्तर : कागद नोंदवायला वेळ लागतो, थांबा. थांबले. मध्येच नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंग, सगळं ऑफिस बंद. नंतर पुन्हा दोन ईमेल, पुन्हा तेच उत्तर, स्वल्पविरामासकट.

शेवटी फोन. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, आणि आमच्याकडे धड रेंज येते ती फक्त कुंपणाच्या गडग्यावर. बाबा विजेरी धरून उभे, मी गार चिऱ्यावर बसून वीस मिनिटं त्यांची पिपाणी ऐकतेय. आयएसडी पॅकची मिनिटं संपत चाललेली. मग एक बाई आल्या. जन्मतारीख विचारली, दोन मिनिटं टकटक केलं आणि म्हणाल्या, याच तारखेची एक फाइल कुणाच्याच अर्जाला न जुळता पडून आहे.

घोळ नावाचा! पासपोर्टवर माझ्या नावालाच बाबांचं नाव जोडलेलं. एसएटीला मी तसंच भरलं, कॉलेजच्या अर्जात मात्र बाबांचं नाव मधल्या रकान्यात टाकलं. वर एसएटीचं खातं बाबांच्या ईमेलवर, अर्ज माझ्या. त्यांच्या संगणकाला आम्ही दोन वेगळ्या मुली. चूक माझी, मान्य. पण ‘न जुळलेल्यांत बघतो’ एवढं पहिल्याच ईमेलला लिहायला काय झालं होतं?

त्या रात्री अर्ज क्रमांक, एसएटीचा नोंदणी क्रमांक आणि पासपोर्टचं पान एकाच ईमेलमध्ये पाठवलं. दुसऱ्या दिवशी खूण हजर.

तर नाव आणि ईमेल सगळीकडे अक्षरशः एकच ठेवा. अर्ज एकदा गेला की त्यातले गुण बदलता येत नाहीत, नवे पोर्टलवरून किंवा ईमेलने कळवावे लागतात, हेही मला उशिरा कळलं. आणि हो, परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत चार कॉलेजांना रिपोर्ट फुकट जातो. मी ‘आधी गुण बघू’ म्हणून थांबले आणि पाचहीजणांचे डॉलर भरले. तेही पहिल्या फटक्यात नाही : बाबांच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन सुरू करावे लागले.