सेटिंगचा रकाना कोरा

चाकणच्या आमच्या कारखान्यात मशिनिस्ट ट्रेडच्या एका अप्रेंटिसचं, म्हणजे शिकाऊ उमेदवाराचं, लॉगबुक सहीला आलं. हजेरी ठीक, सुपरवायझरचा शेरा ‘समाधानकारक’. आत मात्र पानोपानी तेच: लोडिंग, अनलोडिंग, डीबरिंग (कापलेल्या कडेचा खरखरीतपणा काढणं). सेटिंगचा, म्हणजे कामासाठी मशीन जुळवण्याचा, रकाना तीन महिने कोरा.

शॉपवर विचारलं तर उत्तर तयार होतं, “साहेब, पोरगं उशिरा येतं.” शिफ्ट सातची, हा येतो पावणेआठला. पगार कापला नव्हता, म्हणून कुणाला त्यात वावगंही वाटलं नव्हतं.

पण त्या पाऊण तासातच तर ट्रेड असतो. बॅच बदलते ती पहिल्या शिफ्टच्या तोंडाला. सेटर, म्हणजे मशीन जुळवणारा कारागीर, टेबलच्या खाचा (टी-स्लॉट) साफ करून व्हाइस, म्हणजे जॉब पकडणारा शिकंजा, बसवतो. एका बाजूचा बोल्ट आवळतो, दुसरा नुसता टेकवतो. स्पिंडलला लिव्हर डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावून व्हाइसच्या न हलणाऱ्या जबड्यावरून (फिक्स जॉ) या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबल सरकवतो आणि काटा सरकेल त्याप्रमाणे प्लास्टिकच्या हातोडीने सैल बाजू ठोकत फरक 0.02 मिमीच्या आत आणतो. मग दोन्ही बोल्ट आवळून पुन्हा डायल फिरवतो, कारण आवळताना व्हाइस हलतो. नवशिके ही दुसरी फेरी हमखास गाळतात. पुढे एज फाइंडरने, म्हणजे जॉबची कड शोधणाऱ्या साधनाने, शून्य घ्यायचं. फाइंडर 10 मिमीचा असेल तर त्याची अर्धी जाडी, 5 मिमी, हिशेबात धरायची. ते विसरलं की अख्खी बॅच 5 मिमीने सरकली. पहिला पीस क्वालिटीकडून पास झाला की मशीन प्रॉडक्शनला लागतं आणि अप्रेंटिसला कोणी हात लावू देत नाही. ट्रेड टेस्टला मात्र व्हाइस त्यालाच लावायचाय.

मुलगा कामशेतकडचा. लोकलने तळेगाव गाठायचं, तिथून चाकणला शेअर रिक्षा किंवा मिळेल ते वाहन, कारण चाकणला रेल्वे नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रेलर आडवा झाला की वेळेचं गणित संपलंच. रिक्षाचे जाऊन-येऊन शंभराच्या वर जातात, म्हणजे महिन्याचे अडीच हजार. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्या मुलाचं किमान विद्यावेतन 7000 रुपये धरलं होतं. त्यातला सरकारचा वाटा, जास्तीत जास्त 1500, 2023 पासून थेट मुलाच्या खात्यावर येतो. रिक्षावाला काही तो जमा होईपर्यंत थांबत नाही.

आणि कंपनीची बस तळेगाव स्टेशनवरून रोज जाते, अर्धी रिकामी! पण अप्रेंटिस ‘ऑन-रोल’, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या पटावर, नाहीत, म्हणून बसच्या यादीत नाहीत. एचआरने पाचशे रुपये प्रवासभत्ता सुचवला. पैशाने रिक्षा येते, वेळ येत नाही. सुपरवायझर म्हणाला, सेकंड शिफ्टला टाका. सेकंडला सेटर नसतो आणि रात्री अकराला सुटल्यावर तळेगावला परत जाणार कशाने?

हजेरीतही एक गोम सापडली. रिलेटेड इन्स्ट्रक्शनच्या, म्हणजे ट्रेडच्या वर्गांच्या, दिवशी मुलं परस्पर आयटीआयला जातात, गेटवर पंच होत नाही आणि हजेरीचं मशीन अर्धा दिवस गैरहजर दाखवतं. अप्रेंटिस कायदा 1961 च्या कलम 10 मध्ये तो वेळ पगारी कामाचाच धरलेला आहे. तरी दर महिन्याला हाताने दुरुस्ती करून घ्यावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये एक कोड टाकायला कुणाला सवड नाही.

शेवटी लॉगबुकच पुढे ठेवलं तेव्हा बसमध्ये सीट मिळाली. मुलाचं नाव वाहतूक कंत्राटदाराच्या यादीत आणि गेटपासवर रूटसकट चढवलं, म्हणजे अपघात झाला तर ‘हा कोण’ असा प्रश्न नको. “उद्या सगळे मागतील,” असं ऐकवलं गेलंच. मागू देत की, सीटा आहेत.

प्रश्न त्याच बॅचमधल्या दुसऱ्याचा उरलाय. तो शिक्रापूरकडून येतो आणि तिकडे आपली बसच नाही. सध्या त्याच्या मशीनची सेटिंग साडेआठला ठेवा म्हणून सेटरच्या मागे लागलोय. सेटर म्हणतो, प्रॉडक्शनला विचारा. नव्या जॉइनिंग फॉर्मवर गाव, पहिलं वाहन आणि ते किती वाजता पोचवतं, हे तीन रकाने वाढवलेत.