कळस दिसला की मागे फिरते, ते का?

कराडात माझं शिवणाचं दुकान आहे. लग्नसराई आटोपली, हातातली शेवटची ब्लाउजं ज्यांची त्यांना देऊन झाली, की ज्येष्ठाच्या वद्य पक्षात मी मशीनवर चादर टाकते आणि आळंदीची वाट धरते. तिथून माऊलींच्या पालखीबरोबर पंढरपूर. द्वादशी सोडून घरी. दुकान उघडलं की पहिल्या दोन दिवसांत कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, दर्शन नीट झालं का?"

"कळसाचं झालं," मी सांगते.

समोरचीचा चेहरा उतरतो. अडीचशे किलोमीटर पायी गेलात आणि विठोबाला न बघताच आलात? मग देव भेटला कुठे? आजवर मापं घेता घेता मी "गर्दी फार असते हो" म्हणून वेळ मारून नेत आले. ते खोटं नाही, पण खरं उत्तरही ते नव्हे. यंदा तुम्ही तिघीचौघींनी फार कळकळीने विचारलंत, म्हणून सगळं सांगते.

मी रांगेत उभी राहिलेली आहे. पहिल्याच वारीत, २००९ साली. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दर्शनबारीत होते. बायका बसल्या जागी डुलक्या घेत होत्या, कुणी गवळण म्हणत होतं, कुणी उपासाचा लाडू मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवत होतं. पंढरपूरचा देव लांबून हात जोडायचा देव नाही. विटेवरच्या त्या पायांवर कुणीही कपाळ टेकावं, असा तो आहे. माझी पाळी आली. दगड गार होता आणि हाताला गुळगुळीत लागला. घरून ठरवून नेलेलं वाक्य मी म्हटलं, माझ्या भावाला बरं कर. दुसरा श्वास घ्यायच्या आत मागून कुणीतरी खांदा धरून पुढे सरकवलं.

भाऊ कार्तिकात गेला. एकोणचाळीस वर्षांचा होता.

पुढच्या ज्येष्ठात मी जाणार नव्हते. पण दिंडीची भिशी भरून झाली होती (जेवणाखाण्याचे पैसे आधी भरायचे असतात, त्याला आम्ही भिशी म्हणतो) आणि दिंडीतल्या एका मावशींनी दोनदा फोन करून "तुझी जागा धरलीय" असं सांगितलं होतं. गेले. चालले सगळं, पण तोंड मिटून. टाळ हातात घेतला नाही, हरिपाठाला ओठ हलवले नाहीत. पंढरपुरात पोचल्यावर सगळ्यांबरोबर चंद्रभागेवर गेले, अंघोळ केली, मान वर करून कळसाकडे बघितलं आणि मनात म्हणाले, मी आलेय, एवढं तुला कळू दे. आत यायची नाही. तिथून सरळ एसटी स्टँड गाठला.

तर कळसावरून मागे फिरण्याची माझी सुरुवात अशी झाली. रुसून.

हे मावशींना सांगायला मला दोन वर्षं लागली. फलटणच्या मुक्कामात त्या तंबूबाहेर पायांना तेल चोळत बसल्या होत्या. वाटलं होतं, ऐकून हबकतील. त्यांनी तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "परक्यावर कुणी रुसतं का गं? आणि राग आलाय तर मग गप का बसतेस? त्याला सांग की." मग जनाबाईंचा अभंग म्हणून दाखवला, "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या." देवाला कारट्या म्हणणारी ही बाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करायची, आणि तिच्याबरोबर देव दळायला बसायचा, तिने झाडलं की केर भरायचा. स्वतः नामदेव तर देवाच्या दारात उभं राहून भांडतात. पतितपावन हे नाव ऐकून आलो, तू काही पतितपावन नव्हेस, म्हणून मागे जातो. मागे जातो! ते कानावर पडलं आणि मी रडायला लागले. कळसावरून मागे फिरणारी मी एकटीच आहे असं समजून चालत होते.

पुढे एका कीर्तनात बुवांनी नारदांच्या भक्तिसूत्रांतलं एक सूत्र उलगडून सांगितलं. काम, क्रोध, अभिमान जे काही आहे ते त्याच्याच ठिकाणी करावं, असं ते सूत्र आहे. म्हणजे आधी राग गिळून ये, मग भक्ती कर, अशी अट तिथे नाही. राग घेऊन ये. त्याच सूत्रांत देवाविषयीच्या ओढीचे अकरा प्रकार मोजलेत आणि त्यातला शेवटचा आहे परमविरह. हे मी वहीत लिहून घेतलं. दुकानात हिशेबाची वही आहे ना, तिच्या शेवटच्या पानावर ते अजून आहे.

त्यानंतरची वारी मी तोंड उघडून चालले. पहिले चार दिवस तर नुसती भांडत चालले. मावशींच्या शेजारची ओळ मी मुद्दाम धरली होती. दिवेघाटाच्या चढाला श्वास लागत होता आणि मी तालावर जनाबाईंच्या शिव्या म्हणत होते. चढ संपेपर्यंत घसा बसला. सासवडला टाळ मागून घेतला.

तुम्हाला वारीतला दिवस ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगते. पहाटे तीनला उठायचं, टँकरच्या गार पाण्याने अंघोळ. उजेडायच्या आत दिंडी रस्त्याला लागते. पुढे भगव्या पताका, मग टाळकरी, मधे पखवाज, वीणा, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. अभंग कुठले म्हणायचे ते मनाला येईल तसं ठरत नाही. सकाळी रूपाचे अभंग, मग वासुदेव, आंधळे-पांगुळ, गौळणी, वार असेल तसे वाराचे, दुपारनंतर हरिपाठ. मला सुरुवातीला हे बांधून घातल्यासारखं वाटायचं. मन दुसरीकडे असलं तरी तोंडाने रूपाचाच अभंग म्हणायचा? पण त्या कोरड्या वर्षात मी एक अनुभवलं. मनातून प्रेम आटलेलं असतं तेव्हा हा क्रमच सांभाळतो. माझ्या मनाला त्या दिवशी देव नको होता, पण माझ्या डावीकडची बाई म्हणत होती, उजवीकडची म्हणत होती, पाऊल पखवाजावर पडत होतं. चारशे माणसांच्या आवाजात माझा नसलेला आवाज कुणाला कळलासुद्धा नाही. दिंडीने मला उचलून नेलं, असंच म्हणेन मी.

आणि संध्याकाळची समाजआरती. ती मात्र शब्दांत पकडता येत नाही, तरी सांगते. मुक्कामाला पोचल्यावर सगळ्या दिंड्या पालखीच्या तळावर गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात. पालखीचे चोपदार आपला चोप, म्हणजे हातातला दंड, वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत होतं. एवढ्या माणसांची शांतता मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र गप्प होत नाही, टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, सोडवतात आणि त्यानंतरच आरती होते. रुसलेल्याचं ऐकल्याशिवाय आरती नाही! हैबतबाबा आरफळकर ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. ते सोडून ते माऊलींच्या चरणी आले आणि एकोणिसाव्या शतकात त्यांनी या सोहळ्याला ही शिस्त लावून दिली. मी दर वर्षी त्या तळावर मनातल्या मनात त्यांना हात जोडते.

वारीत सगळं मधुर असतं असं समजू नका. तंबूत वीतभर जागेवरून भांडणं होतात, चपला हरवतात, पावसात अंथरूण भिजतं. रात्री जिच्याशी मी पिशवी ठेवण्यावरून भांडले तिला पहाटे "माऊली, जरा सरका" म्हणावं लागतं. पहिल्या वर्षी हा माऊली शब्द मला नुसता रिवाज वाटला होता. पोलिसाला माऊली, टँकरवाल्याला माऊली, धक्का देणाऱ्यालाही माऊली. ज्ञानेश्वरांना आपण आई म्हणतो, विठोबाला विठाई म्हणतो, तेच नाव वाटेतल्या कुणालाही द्यायचं. दिवसातून दोनशे वेळा म्हणून म्हणून ते कधी खरं झालं ते कळलं नाही. बरडच्या पुढे एक शेतकरीण हातातलं खुरपं बांधावर ठेवून रस्त्यावर आली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. माझ्या! जिने वर्षभर देवाशी अबोला धरला होता तिच्या. मी पाय मागे घेतले. मावशी म्हणाल्या, "घेऊ नकोस मागे. तू पण वाक." मीही वाकले. तिच्या पायांना ओली माती होती. माझ्या कपाळाला ती नातेपुत्यापर्यंत होती, मी पुसली नाही.

आता कळसाकडे येते.

माळशिरसच्या पुढे वेळापूर येतं. त्याच्या अलीकडे एक उतार आहे. तुकाराम महाराजांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते तिथून धावत सुटले, असं सांगतात. आजही तिथे आलं की सगळे वारकरी धावतात. सत्तरीच्या आज्या, तुळशीवाल्या, गुडघ्याला पट्टे बांधलेले बाप्ये, सगळे. त्याला धावा म्हणतात. आपल्या भाषेत देवाला आर्त हाक मारण्यालाही धावा म्हणतात, देवाचा धावा करणं. ज्या वर्षी मी पहिल्यांदा मनापासून धावले त्या वर्षी हे दोन अर्थ पायांतच एक झाले. माझ्या छातीत भावाचं नाव होतं, तोंडात विठ्ठलाचं होतं, आणि पाय थांबत नव्हते. मला कळस दिसला नाही, एवढ्या लांबून तो दिसत नाही. पण आपण कुणाकडे तरी धावतोय आणि तो आपला आहे, एवढं त्या उतारावर कळलं. तुम्ही विचारता ना, देव भेटला कुठे? मला विचाराल तर तिथे.

राग तर गेला, मग आता आत का जात नाही? स्वतःलाही मी हे विचारलंय. पायांवर डोकं ठेवलं की माझ्या तोंडून मागणं निघतं. मागणं वाईट नाही, लेकराने आईकडे नाही मागायचं तर कुणाकडे? रांगेत वीस वीस तास उभ्या राहणाऱ्यांचं प्रेम माझ्याहून उणं आहे असं मनातही आणू नका. पण माझं त्या पायांशी एकदा मागणं झालेलं आहे आणि त्याचं उत्तरही मिळालेलं आहे. आता मला फक्त बघायचं असतं. तुकोबांनी मागितलं तेवढंच मागावंसं वाटतं, तुझा विसर न व्हावा. मुक्ती, धन, संपदा काही नको, सुखाने पुन्हा जन्माला घाल, असं तो अभंग म्हणतो. तरुणपणी मला ते कवीचं बोलणं वाटायचं. आता वाटतं, ज्याने अठरा दिवस चालण्यातलं सुख चाखलंय त्याला हे साधंच बोलणं आहे. पोचून संपवायचं कुणाला?

२०२० मध्ये पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, आम्ही सगळे घरी. मी दुकानात मास्क शिवत होते. पायाखाली पायडल, तोंडात हरिपाठ, अठ्ठावीस अभंग संपले की पुन्हा पहिला. आषाढी १ जुलैला होती. दुपारी गच्चीवर जाऊन मी ईशान्येकडे, जिकडे पंढरपूर असेल असं वाटलं तिकडे, धावल्यासारखी चार पावलं टाकली. तेवढीच माझी त्या सालची वारी.

एक गोष्ट मात्र राहिली आणि ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. कळस बघून परत येण्यात मी सुख मानते, कारण आत जाणं माझ्या हातात आहे. चोखोबांच्या हातात ते नव्हतं, त्यांच्या जातीला अस्पृश्य मानत. धाव घाली विठू आता, बडवे (म्हणजे देवळातले पुजारी) मला मारतात, असा त्यांचा अभंग आहे. तुकोबा देवाकडे धावले, चोखोबांना देवालाच धाव म्हणावं लागलं. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून १३३८ मध्ये ते गेले. नामदेवांनी ढिगाऱ्यातली त्यांची हाडं आणली ती विठ्ठलनामाच्या आवाजावरून ओळखून, असं सांगतात. समाधी दिली ती महाद्वारासमोर, पायरीशी. त्यांच्या माणसांना पायरीच्या आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. सहाशे वर्षं. आमच्याच वारीच्या गावात, आमच्याच देवाच्या दारात. हे मला दर वर्षी टोचतं आणि टोचत राहावं असं वाटतं.

म्हणून माझी कळस बघायची जागा आता ठरलेली आहे. दशमीला दिंडी पोचते, एकादशीला चंद्रभागेत अंघोळ, पुंडलिकाला नमस्कार, नगरप्रदक्षिणा. मग गर्दीतून वाट काढत महाद्वाराशी यायचं. नामदेव पायरीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि पाठ फिरवून आधी चोखोबांपाशी वाकायचं. तिथे डोकं टेकायला कुणी घाई करत नाही. पोटभर टेकते. मग तिथूनच उठून मान वर करते.